टीव्हीचा मॉनिटर करताना

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. "मामा, माऊस जड झालाय." चांगल्या २७ इंची गेमिंग मॉनिटरसाठी वर्षभर जमवलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यानं ५५ इंची ४के टीव्ही घेतला होता, आपल्या खोलीतल्या टेबलावर ठेवला होता आणि पीसीची केबल त्यात खोचली होती. चित्र झकास येत होतं. पण हात हलवला की पॉइंटर जरा वेळानं निघायचा. काकवीच्या भांड्यात चमचा फिरवावा तसं वाटतंय, असं तो म्हणाला. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना हे वर्णन लगेच पटेल.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. फोनचा कॅमेरा स्लो मोशनला लावला आणि पुस्तकांच्या चवडीवर असा टेकवला, की माऊसवरचं बोट आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. हा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत साधारण ४ मिलिसेकंदांचं अंतर. भाच्यानं गेममध्ये गोळी झाडली आणि आम्ही तो व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजला. बोट खाली गेल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी ठिणगी दिसेपर्यंत ३६ चित्रं, म्हणजे १५० मिलिसेकंद. मग रिमोटवरून 'गेम मोड' हे एक सेटिंग चालू केलं आणि पुन्हा मोजलं. १४ चित्रं, म्हणजे ५८ मिलिसेकंद. उरलेल्या वेळात माऊस, गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांचाच वाटा मोठा होता.

त्यासाठी टीव्ही बदलावा लागला नाही, केबल बदलावी लागली नाही, एक रुपया खर्च झाला नाही. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरताना येणाऱ्या बऱ्याच अडचणी याच जातीच्या असतात. टीव्ही बिघडलेला नसतो. तो त्याला दिलेलं काम फार मन लावून करत असतो, आणि नेमकं तेच काम आपल्याला इथे नको असतं.

टीव्ही आत काय करत बसतो

आपल्याकडच्या साध्या, एचडी नसलेल्या चॅनेलचं चित्र ५७६ ओळींचं असतं. ४के टीव्हीच्या पडद्यावर २१६० ओळी. म्हणजे जवळपास पाऊण भाग ओळी टीव्हीला स्वतःच्या अंदाजानं भराव्या लागतात. वर सिग्नलमध्ये दाणे असतात ते पुसायचे, कडा ठसठशीत करायच्या, रंग खुलवायचे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि पडदा ६० वेळा ताजा होतो, तेव्हा मधली चित्रं तयार करून हालचाल गुळगुळीत करायची. या शेवटच्या करामतीला मोशन स्मूदिंग म्हणतात. प्रत्येक कंपनीनं तिला आपलं वेगळं नाव दिलेलं आहे.

आता विचार करा. दोन चित्रांच्या मधलं चित्र तयार करायचं तर दुसरं चित्र हातात यायलाच हवं. ते येईपर्यंत पहिलं रोखून धरावं लागतं. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे निदान तेवढा उशीर तर ठरलेलाच, आणि व्यवहारात टीव्ही एकाहून जास्त चित्रं हाताशी ठेवतो. बाकीच्या प्रक्रिया त्यात भर घालतात. सगळं मिळून ५० ते १०० मिलिसेकंद सहज होतात, काही संचांत त्याहून जास्त.

मालिका बघताना हे कुणाला कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच उशिरा सोडतो. ओठ आणि शब्द जुळतात, काम झालं. बघणाऱ्याकडे तुलना करायला दुसरं काही नसतंच. पण हातात माऊस आला की तुलना सुरू होते. बोटाला माहीत असतं आपण कधी दाबलं, आणि डोळ्याला दिसतं ते कधी घडलं. या दोहोंमधल्या अंतराला इनपुट लॅग म्हणतात.

गेम मोड चालू केला की टीव्ही ही बहुतेक मेहनत बाजूला ठेवतो आणि आलेलं चित्र जवळजवळ तसंच पडद्यावर टाकतो. चांगल्या संचात गेम मोडमधला लॅग ६० हर्ट्झला १० मिलिसेकंदांच्या आसपास आणि १२० हर्ट्झला त्याच्या निम्म्यावर येतो. मॉनिटर याहून थोडा पुढे असतो, पण एवढा फरक फार थोड्या हातांना जाणवतो.

इथे दोन गोष्टी लोक चुकतात. एक म्हणजे, गेम मोड बहुधा त्या-त्या एचडीएमआय पोर्टपुरता लागतो. साफसफाईच्या वेळी केबल काढून शेजारच्या पोर्टात खोचली की सेटिंग गेलं, आणि माऊस पुन्हा जड. दुसरी म्हणजे, एएलएलएम नावाची सोय असते, ज्यात गेम सुरू झाल्याचा इशारा मिळाला की टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो. गेमिंग कन्सोलबरोबर ती छान चालते. पीसीकडून तो इशारा दर वेळी जाईलच असं धरून चालू नका. गेम मोड हातानं लावा आणि एकदा डोळ्यांनी खात्री करा.

इनपुट लॅग आणि रिस्पॉन्स टाइम यांतही गल्लत होते. खोक्यावर '१ मिलिसेकंद' असं छापलेलं असतं तो बहुतेक वेळा रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एका पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. तो जास्त असेल तर हलत्या वस्तूमागे पुसट शेपूट दिसतं. लॅग निराळा: तिथे चित्र स्वच्छ असतं, पण उशिरा येतं. स्वस्त टीव्हीत व्हीए जातीचं एलसीडी पॅनल असेल तर काळोख्या प्रसंगात ती शेपूट दिसते, आणि ती कुठल्याही मोडनं पूर्ण जात नाही.

एचडीएमआयची नळी

पीसीकडून टीव्हीकडे चित्र नेणारी एचडीएमआय केबल म्हणजे पाण्याची नळी समजा. चित्रात जेवढे पिक्सेल, ते सेकंदाला जेवढ्या वेळा पाठवायचे आणि प्रत्येकाचा रंग जेवढा बारकाईनं सांगायचा, तेवढी नळी रुंद लागते. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, २.० ची १८, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या २.१ ची ४८ पर्यंत.

या आकड्यांचा अर्थ काय, ते एका जुन्या उदाहरणावरून नीट कळतं. २०१३ मध्ये अमेरिकेत सेइकी कंपनीचा ३९ इंची ४के टीव्ही ७०० डॉलरांना आला आणि नंतर आणखी स्वस्त झाला. त्या काळी ४के मॉनिटर याच्या कितीतरी पट महाग होते, त्यामुळे प्रोग्रामर मंडळींनी तो टेबलावर मांडला. कोड वाचायला तो उत्तम, कारण जागा भरपूर. पण त्यात एचडीएमआय १.४ होतं, आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकतं. पॉइंटर अडखळत पळायचा. गेम खेळायचा तर रिझोल्यूशन खाली आणावं लागायचं.

एचडीएमआय २.० नं ४के ६० हर्ट्झला आणलं, पण त्या नळीत मग जागाच उरत नाही. तुमच्या टीव्हीत २.० असेल आणि ४के, ६० हर्ट्झ, वर १० बिटांचा एचडीआर (उजेड-अंधार आणि रंगछटा जास्त दाखवणारं चित्र) असं सगळं एकदम मागितलंत, तर कुठेतरी काटछाट होते, आणि ती रंगांत होते. त्याकडे पुढे येतो.

गेमवाल्यांना हवं असलेलं ४के १२० हर्ट्झ घरी यायला २०१९ आणि २०२० ही दोन वर्षं लागली. त्याच्या अगोदर ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं मोठ्या पडद्यांच्या गेमिंग मॉनिटरची कल्पना मांडली होती; त्यातला एचपीचा ६५ इंची ओमेन एक्स एम्पेरियम २०१९ मध्ये ४,९९९ डॉलरांना विकायला आला. त्याच वर्षी एलजीनं आपल्या ओएलईडी टीव्हीत (या जातीबद्दल पुढे येतो) एचडीएमआय २.१ दिलं, आणि एनव्हिडियानं त्या टीव्हींना जी-सिंक कंपॅटिबल, म्हणजे कार्डाच्या चित्रांशी पडद्याचा ताल जुळवणारे, म्हणून मान्यता दिली. सर्वसाधारण टीव्हीच ते काम करू लागला, तेव्हा एवढ्या महाग खास मॉनिटरची गरज राहिली नाही. २०२० मध्ये एलजीचा ४८ इंची ओएलईडी आला, सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ३० ही कार्डांची मालिका एचडीएमआय २.१ घेऊन आली, नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स आले. त्यानंतर टीव्ही कंपन्यांना गेमवाल्यांकडे दुर्लक्ष करणं परवडणारं राहिलं नाही.

खरेदी करताना मात्र 'एचडीएमआय २.१' एवढ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. हे माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण यात लोक सर्रास फसतात. २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. २.० एवढीच क्षमता असलेल्या पोर्टालाही नियमानुसार २.१ म्हणता येतं, आणि हे २०२१ च्या अखेरीस उघडपणे चर्चेत आलं. म्हणून आकडा न विचारता काम विचारा: ४के १२० हर्ट्झ चालतं का, आणि कुठल्या पोर्टात? बऱ्याच संचांत चारपैकी दोनच पोर्ट त्या क्षमतेचे असतात, आणि त्यातलं एक साउंडबारसाठीचं ईआर्क पोर्ट असतं. 'मोशन रेट १२०' किंवा तत्सम काही छापलेलं असेल तर तो स्मूदिंगचा आकडा असू शकतो. खाली पॅनल ६० हर्ट्झचंच असतं. 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' ही ओळ शोधा.

केबलवर 'अल्ट्रा हाय स्पीड' असा प्रमाणित शिक्का हवा. दोन-तीन मीटरपर्यंत अशी शिक्क्याची साधी, तांब्याची केबल चालते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या, आणि ती एकाच दिशेनं चालते हे लक्षात ठेवा; उलटी लावली तर पडदा काळाच राहतो. पडदा मध्येच क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर पहिला संशय केबलवर घ्या.

पीसीवर लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीनं आपल्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायचा प्रयत्न केला होता, आणि २०२४ च्या सुरुवातीला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं त्याला परवानगी नाकारली. एएमडीचं कार्ड, लिनक्स आणि टीव्ही असा बेत असेल तर आजची परिस्थिती काय आहे ते घेण्याआधी तपासा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट ही दुसरी जोडणी असते म्हणून तिथे ही अडचण येत नाही; टीव्हीला ती जवळपास कधीच नसते.

लाल अक्षरांची परीक्षा

नोटपॅडसारखं काहीतरी उघडा, काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहा आणि जवळ जाऊन बघा. अनुस्वार, वेलांटी, जोडाक्षरातला अर्धा 'र' स्वच्छ दिसतो की कडा चिखलात बुडाल्यासारख्या वाटतात? देवनागरी या परीक्षेला फार चांगली, कारण तिच्यात बारीक खुणा भरपूर.

चिखल दिसला तर रंगांत काटछाट होतेय. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक फार बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. या दुबळेपणाचा फायदा घेऊन व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा पाठवतात, पण रंग मात्र चार पिक्सेलांना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. दोघांत एक असेल तर ४:२:२, आणि प्रत्येकाला स्वतःचा रंग असेल तर ४:४:४. ओटीटीवरचे सिनेमे मुळातच ४:२:० असतात, म्हणून सिनेमात काही हरवल्यासारखं वाटत नाही. अक्षराची रेघ मात्र एक-दोन पिक्सेलांची. तिचा रंग शेजाऱ्याशी वाटून घेतला की ती फिसकटते.

उपाय दोन ठिकाणी करायचा. विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडा. टीव्हीत त्या पोर्टाची पूर्ण क्षमता उघडा. सॅमसंगमध्ये याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीत 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली 'एन्हान्स्ड'. ते बंद असेल तर पोर्ट जुन्या कमी क्षमतेवरच चालतं. त्यावर आणखी एक गंमतीची वाटेल अशी, पण खरी युक्ती आहे. बऱ्याच टीव्हींत इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टाचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' असं बदललं, की टीव्ही रंगांची काटछाट थांबवतो. नाव बदलल्यानं चित्र सुधारतं हे सांगून पटत नाही, म्हणून भाच्याला मी लाल अक्षरं समोर ठेवूनच ते बदलायला लावलं.

टास्कबार खालून कापला जात असेल तर ते ओव्हरस्कॅन. जुन्या, पाठीमागे पोट असलेल्या टीव्हींत चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलायचे. ती पद्धत आजही काही टीव्हींत मूळ सेटिंग म्हणून राहिली आहे. तिच्यामुळे कडा जातातच, शिवाय चित्र ताणलं गेल्यानं पीसीचा एक पिक्सेल आणि पडद्याचा एक पिक्सेल यांचा मेळ तुटतो आणि सगळी अक्षरं पुसट होतात. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' अशा नावांनी ते बंद करता येतं. शार्पनेसही खाली आणा. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर ती त्याचीच. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं काहीच दिसत नसेल, तर पीसी आणि टीव्ही यांची काळ्याची व्याख्या जुळत नाहीये: पीसी ० ते २५५ मोजतो, टीव्हीची परंपरा १६ ते २३५ ची. दोन्हीकडे 'फुल' किंवा दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा.

किती मोठा, आणि किती लांब

सगळ्यात जास्त पैसे इथे चुकतात, म्हणून जरा थांबतो.

पडदा किती मोठा दिसतो ते इंचांवर ठरत नाही, तो डोळ्यासमोरचा किती भाग व्यापतो यावर ठरतं. २७ इंची मॉनिटर दोन फुटांवर जेवढा दिसतो, जवळपास तेवढाच ५५ इंची टीव्ही चार फुटांवर दिसतो. आकार दुप्पट, अंतर दुप्पट. आता तोच टीव्ही पलंगासमोरच्या भिंतीवर, आठ फुटांवर लावा. तो टेबलावरच्या मॉनिटरच्या निम्म्यानं दिसेल. खूप जण मोठ्या चित्राच्या ओढीनं टीव्ही घेतात, तो हॉलमधल्या युनिटमध्ये बसवतात, सोफ्यावरून खेळतात आणि मग गेममधली अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून डोळे बारीक करतात. चित्र मुळात लहान झालेलं असतं.

उलट टोकाला, टीव्ही टेबलावरच ठेवायचा ठरवलं तर काय होतं? आपलं साधं टेबल दोन फूट खोल. ५५ इंची टीव्ही १२२ सेंटिमीटर रुंद आणि जवळपास ६९ सेंटिमीटर उंच. पायांसकट त्याची वरची कड टेबलापासून पाऊण मीटरवर जाते, तर खुर्चीत बसलेल्याचे डोळे टेबलापासून साधारण ४०-४५ सेंटिमीटरवर. वरच्या कोपऱ्यातला नकाशा बघायला दर वेळी मान वर. तासाभरात मानेचा मागचा भाग बोलायला लागतो. भाच्याची दुसरी तक्रार हीच होती.

पिक्सेलांचा हिशोबही याच अंतराशी बांधलेला आहे. ४८ इंची ४के टीव्ही म्हणजे २४ इंची फुल एचडी मॉनिटर दोनावर दोन असे चार चिकटवले, इतका सरळ हिशोब. इंचाला ९२ पिक्सेल, दोन्हीकडे सारखेच. ४३ इंचात इंचाला १०२ पिक्सेल, २७ इंची १४४०पी मॉनिटरच्या १०९ च्या जवळ. ५५ ला ८०, ६५ ला ६८. निरोगी डोळ्याला ५५ इंची ४के वरचे पिक्सेल सुटे दिसेनासे व्हायला साधारण एक मीटर दहा सेंटिमीटरचं अंतर लागतं, ४३ इंचीवर ८५ सेंटिमीटर पुरतं.

म्हणून माझं मत असं. खोल टेबल असेल आणि टीव्ही भिंतीला टांगता येत असेल तर ४२-४३ इंच टेबलावरून खेळायला योग्य. खालची कड टेबलाला जवळजवळ टेकलेली ठेवा. ४८ ला टेबल भिंतीपासून एक फूट तरी पुढे ओढा. ५५ साठी चार फूट हवेत. ६५ घेऊन दोन फुटांवर बसू नका, कितीही मोह झाला तरी. आणि मोठ्या पडद्याचे काही फायदे इंचांत मोजता येत नाहीत: डोळ्यांना जवळ रोखून बघावं लागत नाही, मागे रेलून कंट्रोलरवर खेळता येतं, दोघं-चौघं शेजारी बसून एकाच खेळात भाग घेऊ शकतात. आमच्या पिढीनं व्हिडिओ गेमची कॅसेट अशीच हॉलमधल्या टीव्हीला जोडून, चुलत-मावस भावंडांच्या घोळक्यात खेळली. ती मजा एकट्याच्या मॉनिटरवर नाही.

४के पडदा आहे म्हणून गेम त्याच रिझोल्यूशनला चालवलाच पाहिजे असंही नाही. ४के म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट, आणि मधल्या किमतीच्या कार्डाला ते जड जातं. डीएलएसएस, एफएसआर यांसारखं अपस्केलिंग चालू करा, म्हणजे कार्ड कमी पिक्सेलांचं चित्र तयार करून ते मोठं करतं. मोठ्या पडद्यावर थोडी तडजोड चार फुटांवरून खपून जाते. कार्डाच्या सेटिंगमध्ये ३८४० बाय १६०० असं रिझोल्यूशन तयार करून वर-खाली काळे पट्टे ठेवून रुंद मॉनिटरसारखंही खेळता येतं, आणि त्यात पिक्सेलही सव्वीस टक्के कमी लागतात. मानेलाही सुख.

फ्रेम रेट, म्हणजे कार्ड सेकंदाला देतं त्या चित्रांची संख्या, खाली-वर होत असेल तर व्हीआरआर लावा. त्यात पडदा ठरावीक तालावर ताजा न होता कार्डाकडून चित्र तयार होईल तसा होतो, आणि चित्र आडवं फाटल्यासारखं दिसत नाही. काही संचांत काळोख्या प्रसंगात यामुळे थोडी लुकलुक दिसते. त्रास झाला तर बंद करा.

ओएलईडी आणि बोर्डावरचं बटण

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा खरोखर काळा, आणि रंगबदल इतका झटपट की हलत्या वस्तूमागे शेपूट जवळपास नाहीच. गेमसाठी याहून देखणा पडदा मी पाहिलेला नाही. २०२२ मध्ये एलजीनं ४२ इंची आकारही आणला आणि टेबलावर ओएलईडी शक्य झाला.

पण एकच गोष्ट तासन्‌तास एकाच जागी दिसत राहिली, तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि तिची पुसट छाया कायमची उमटते. टास्कबार, गेममधली प्राणशक्तीची पट्टी, वृत्तवाहिनीचा लोगो या नेहमीच्या जागा. टास्कबार आपोआप लपेल असं करा, वॉलपेपर काळं ठेवा, पाच मिनिटांत पडदा बंद होईल असं लावा. रोज आठ तास एक्सेल आणि रात्री दोन तास गेम, असा वापर असेल तर मी ओएलईडी टीव्ही घ्यायला सांगणार नाही. शिवाय पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडलं की हा टीव्ही स्वतःला मंद करतो. लिहिणाऱ्याला ते खटकतं.

आणि हे प्रत्येक मराठी घरात सांगायला हवं: रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची आपली सवय. वीज वाचते, विजांच्या कडकडाटात उपकरणं सुरक्षित राहतात, सवय चांगलीच आहे. पण ओएलईडी टीव्ही चार-एक तास वापरल्यानंतर रिमोटनं बंद केला, की पडदा काळा झाल्यावर आत काही मिनिटं पिक्सेलांची डागडुजी चालते. रिमोटनं बंद करून लगेच बोर्डाचं बटण दाबलं तर ती रोज अर्धवट राहते. रिमोटनं बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, मग हवं तर बोर्ड बंद करा. घरातल्या आजी-आजोबांनाही हे समजावून ठेवा, कारण दिवे-बटणं बघून झोपणारे बहुधा तेच असतात.

एलसीडी टीव्हीत ही भीती नाही. त्यात व्हीए पॅनल अंधाऱ्या खोलीत खोल काळा देतं, पण जवळून बघताना कडांचे रंग फिकट वाटतात, कारण त्याला समोरूनच बघायचं असतं. आयपीएस ही दुसरी जात, ते पॅनल बाजूनं चांगलं दिसतं, काळा मात्र राखाडीकडे झुकतो. खिडकी पाठीशी असेल तर चकचकीत काच कुठल्याही जातीची असो, दिवसा तुम्हाला स्वतःचाच चेहरा दाखवेल. खिडकीला पडदा लावायची सोय आधी बघा.

रोजच्या वापरातली एक सवय बदलावी लागते. पीसी झोपला की मॉनिटर झोपतो आणि जागा झाला की जागा होतो. टीव्ही बहुधा तसं करत नाही, रिमोट हाताशी लागतोच. हेडफोन पीसीलाच लावा, तारेचा. ब्लूटूथनं आवाज मागे पडतो आणि मग आपण वाचवलेले मिलिसेकंद कानाशी वाया जातात.

भाच्याची मांडणी आता अशी आहे. टेबल भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलंय, टीव्ही भिंतीवर खाली टांगलाय. गोष्टीचे, गाडीचे, क्रिकेटचे गेम तो त्यावर खेळतो. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम मात्र जुन्या २४ इंची १४४ हर्ट्झ मॉनिटरवर, कारण तिथे पूर्ण पडदा मान न हलवता एका नजरेत यावा लागतो, आणि त्याचा टीव्ही ६० हर्ट्झचाच आहे. हे मला पटतं.

तुम्ही घेणार असाल तर लॅपटॉप आणि एक एचडीएमआय केबल घेऊन दुकानात जा. दुकानदाराला सांगा, डेमो व्हिडिओ नको, हे जोडून द्या. पडदा डुप्लिकेट करू नका, फक्त टीव्हीवर घ्या. काळ्यावर लाल मराठी अक्षरं उघडा. चारी कडा दिसतात का बघा. मग गेम मोड बंद असताना माऊस गोल-गोल फिरवा, चालू करून पुन्हा फिरवा. शेवटी दुकानातलं अंतर विसरून, घरी जेवढ्या लांब बसणार तेवढ्याच अंतरावर खुर्ची मागून घ्या आणि दहा मिनिटं बसा.